मोटार दुरून ताब्यात घेता येते का?

प्रश्न : माझी नवी मोटार मोबाइलवरील अ‍ॅपने उघडते आणि सुरूही होते. अशी गाडी कोणी दुरून हॅक करू शकेल, ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर : भीती निराधार नाही. 2015 साली अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलसेक या दोन संशोधकांनी, महामार्गावर धावणाऱ्या जीप चेरोकीत मोबाइल नेटवर्कमार्फत तिच्या मनोरंजन यंत्रणेतून शिरकाव करून, घरबसल्या तिचे वायपर चालवले आणि इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत पोहोचणे बंद पाडले. चालक या प्रयोगात स्वेच्छेने सहभागी झाला होता, तरीही भर रहदारीत तो करणे मला धाडसापेक्षा अविचाराचेच वाटते. त्यानंतर कंपनीने सुमारे 14 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या.

मूळ दोष जुनाच आहे. गाडीतील संगणकांना जोडणारी ‘कॅन’ ही संदेशवाहिनी बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडली, तेव्हा गाडी बाहेरच्या जगाशी जोडलेली नव्हती. त्यामुळे संदेश कोणी पाठवला याची खातरजमा करण्याची सोयच तीत ठेवली गेली नाही. आता अनेक गाड्यांत मधे ‘गेटवे’ (संदेश गाळून पुढे सोडणारे उपकरण) बसवून ब्रेक आणि स्टिअरिंगची यंत्रणा इंटरनेटपासून वेगळी राखली जाते.

प्रत्यक्षात चोर बहुधा बिनकिल्लीच्या कुलपाचा रेडिओ संकेत वाढवून गाडी पळवतात. आपण सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे, अ‍ॅपला स्वतंत्र पासवर्ड ठेवावा आणि गाडी जुनी घेतली असल्यास आधीच्या मालकाचे खाते तीतून काढले आहे का, हे आवर्जून तपासावे.