जर्मनीतील नोकरी आणि ग्लायडिंग: एका इंजिनिअर मैत्रिणीस उत्तर

सप्रेम नमस्कार,

जर्मनीतील यंत्रनिर्मिती कारखान्यात तुम्हाला नोकरी मिळत आहे, विभागात तुम्ही एकट्याच स्त्री असाल आणि तेथे ग्लायडिंग, म्हणजे इंजिन नसलेले विमान (ग्लायडर) उडवणे, शिकण्याची तुमची फार दिवसांची इच्छा आहे. हे दोन्ही एकत्र निभावेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी येथे याच क्षेत्रात काम करते आणि ग्लायडर उडवते. माझ्या मते नक्की निभावते, मात्र नोकरीतून उरलेला वेळ छंदाला देऊ असे ठरवून आलात तर नाही, कारण तसा वेळ उरतच नाही.

इंजिन नसलेले विमान एकट्याने आकाशात नेता येत नाही. कोणी विंच (दोर वेगाने गुंडाळून विमान ओढणारे यंत्र) चालवतो, कोणी दोर जोडतो, कोणी पंखाचे टोक समतल धरून विमानाबरोबर चार पावले धावतो, आणि मिनिटाभराच्या आत ते तीन-चारशे मीटर उंचीवर पोहोचते. त्यामुळे तुमचे स्वतःचे उड्डाण दहा मिनिटांचे असले, तरी सकाळच्या सूचनांपासून संध्याकाळी विमाने पुसून हँगरमध्ये लावेपर्यंत सगळा दिवस क्लबचा असतो. क्लबमधले शिक्षक सहसा विनामोबदला शिकवतात. त्याची परतफेड हिवाळ्यात वर्कशॉपमध्ये राबून करायची असते. परवान्यासाठी किमान 15 तासांचे उड्डाण-प्रशिक्षण आणि 45 उड्डाणे लागतात, तेव्हा नोकरी सांभाळून दोन हंगाम तरी धरून चाला.

कामाच्या ठिकाणी खरी अडचण कायद्याची नसते. दिवसाला आठ तास, सरासरी सांभाळून फार तर दहा, आणि दोन पाळ्यांमध्ये 11 तासांची विश्रांती हे कायद्यातच आहे. अडचण आपल्या मनातली असते: शनिवारच्या ओव्हरटाइमला नाही म्हटले तर ‘बाईला काम झेपत नाही’ असे म्हणतील, या धास्तीने आपण प्रत्येक वेळी होकार देत जातो. माझा आग्रहाचा सल्ला असा, की पहिल्या काही आठवड्यांतच वरिष्ठांना हंगामातले कोणते शनिवार तुम्ही क्लबला बांधील आहात ते सांगून टाका. स्वयंसेवी अग्निशमन दलात किंवा मुलांच्या फुटबॉल संघाबरोबर वेळ देणारे सहकारी तुम्हाला येथे भेटतील. क्लबची जबाबदारी म्हटली की लोकांना ती कळते. आपण धाडसी आहोत हे सहकाऱ्यांना पटवण्यासाठी मात्र हा छंद वापरू नका. तसे केले की सुट्टीच्या दिवशीही तुम्ही त्यांच्याच परीक्षेला बसलेल्या असता.

क्लबमध्येही पुरुषच अधिक आहेत, तरी तेथे मला मोकळे वाटते. कॉकपिटच्या काचेवर लाल लोकरीचा एक छोटा धागा चिकटवलेला असतो; वळताना तो तिरका झाला की हातापायांचा मेळ चुकला असे समजायचे. माझे शिक्षक काही न बोलता त्या धाग्याकडे बोट दाखवत. चूक कोणाची आणि किती, याचा निवाडा तेथे कोणाच्या मतावर अवलंबून नसतो.

कामाचे तास कमी करण्याचा विचार असेल तर घाई करू नका. 15 पेक्षा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत तसा हक्क सहा महिन्यांनंतर मिळतो आणि अर्ज तीन महिने आधी द्यावा लागतो. परंतु तुम्ही ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या निवास-परवान्यावर) येत असाल, तर घटलेला पगार त्याच्या किमान मर्यादेखाली जात नाही ना, हे परदेशी नागरिकांच्या कार्यालयात आधी विचारा. ही बाब अनेकांच्या ध्यानात येत नाही. ब्लू कार्डधारकाला कायम वास्तव्याचा परवाना एरवी 27 महिन्यांनी मिळू शकतो, बी-1 म्हणजे मध्यम पातळीचे जर्मन येत असेल तर 21 महिन्यांनी. माझे जर्मन वर्गापेक्षा हँगरमध्ये अधिक सुधारले, हेही येथे सांगायला हवे.

घर ठरवण्यापूर्वी जवळच्या क्लबला एकदा भेट द्या. धावपट्ट्या बहुधा गावाबाहेर असतात आणि रविवारी बस क्वचितच मिळते. भारतीय वाहन परवाना येथे वास्तव्यास आल्यावर सहाच महिने चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्यांची तयारी पहिल्याच हिवाळ्यात सुरू करा.