नक्षीदार जुन्या अक्षरांवर पोट भरेल का?

प्रश्न : मी उपयोजित कलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुन्या पोस्टरांवरच्या जाड पायांच्या, नक्षीदार स्लॅब सेरिफ अक्षरांचं मला वेड आहे. असे दहा फॉन्ट अर्धवट काढून ठेवलेत. यात करिअर होईल का?

उत्तर : होईल. पण नऊ बाजूला ठेव आणि एक पुरा कर. फॉन्ट स्टुडिओतली मंडळी तुझी नक्षी नंतर बघतात, आधी चार शब्द टाइप करून बघतात. अर्धी मुळाक्षरं असतील तर तिथेच थांबतात.

नक्षी सगळ्यात शेवटी. आधी साधा सांगाडा उभा कर: H, O, n, o, मग R, S, a, g. पायांची जाडी इथेच ठरते. कॅपिटलची उंची 700 युनिट (अक्षराच्या चौकटीच्या उंचीचे 1000 समान भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे युनिट) आणि वरखालचे पाय प्रत्येकी 180 धरलेस, तर मध्ये 340 उरतात. E ची मधली आडवी रेघ 100 ठेवलीस की दोन्ही पोकळ्या जेमतेम 120 च्या. तीही 180 केलीस की अक्षर बुजलंच. O वरखाली 10 ते 15 युनिट बाहेर काढ, नाहीतर H शेजारी तो खुजा दिसतो.

आतल्या कोरीव रेघेचा हिशेबही कर. 1000 युनिटांच्या चौकटीतली 20 युनिटांची रेघ 72 पॉइंटला (पॉइंट म्हणजे छापील अक्षराचं माप) अर्ध्या मिलिमीटरची होते, 24 पॉइंटला जेमतेम 0.17 मिलिमीटरची. तिथे शाई ती भरून टाकते. म्हणून लहान मापासाठी रेघेविना वेगळा कट, म्हणजे फॉन्टची वेगळी आवृत्ती दे.

सावली, भराव, बाह्यरेषा असे रंगांचे थर करणार असशील, तर सगळ्या थरांत अक्षराची रुंदी आणि कर्निंग (अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर जुळवणं) तंतोतंत एकच हवं. सावलीसाठी रुंदी वाढवू नकोस, ती बाहेर लोंबू दे. भराव बाह्यरेषेखाली 5 युनिट सरकव, म्हणजे छपाई किंचित हलली तरी पांढरी फट दिसत नाही.

जुने नमुने वाचायलाही शीक, मला हे सर्वांत मोलाचं वाटतं. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने छपाईचे लाकडी खिळे (अक्षरांचे ठोकळे) यंत्राने कापायला सुरुवात केली, 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफ (नमुन्यावरून लहान-मोठी नक्कल काढणारी दांड्यांची जोडणी) जोडला. फिरत्या पात्याला आतला कोपरा टोकदार कापता येत नाही, तो हाताने तासावा लागे. त्यामुळे स्कॅनमधला गोलवा मूळ रचनेचा, पात्याचा की झिजेचा, हे आधी ठरव. A मध्ये गोल आणि E मध्ये टोकदार कोपरा राहिला की फॉन्ट निष्काळजी दिसतो. एकोणिसाव्या शतकातल्या छापील नमुन्यावरून स्वतः रेखाटणं योग्य. कुणाच्या आजच्या डिजिटल फॉन्टचे बिंदू उचलणं ही चोरी.

आता कमाई. शोभेचा फॉन्ट एका कामात दोन-तीन शब्दांपुरता लागतो, त्यामुळे नुसत्या परवान्यांवर सुरुवातीला भागत नाही. पॅकेजिंग, लेबलं, नाममुद्रा यांचं अक्षरांकन सोबत घे आणि थोडं पायथन (संगणकाची प्रोग्रॅमिंग भाषा) शीक, कारण स्टुडिओत नवख्याला पहिलं काम बहुधा कर्निंग आणि फाइल-तपासणीचंच मिळतं. अर्जासोबत पूर्ण फॉन्टची फाइल, आकडे-विरामचिन्हांसह एक नमुनापान आणि तीन मापांत छापलेला कागद पाठव.