कोल्हापुरात ५० जणांचा मोफत, स्वयंसेवकांनी चालवलेला टेक मेळावा भरवायचा तर आधी काय बघावं?

आधी तारीख. जुलै-ऑगस्ट टाळा, पंचगंगेला पूर आला की इचलकरंजी-सांगलीची मंडळी येऊच शकत नाहीत. रविवार धरा, साडेदहाला सुरू करून साडेचारला आवरा, म्हणजे परतीची एसटी मिळते.

जागा शक्यतो कॉलेजची लॅब. पण आठवडाभर आधी स्वतःचा लॅपटॉप नेऊन तिथलं वायफाय तपासा. कॉलेजच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कची राखण करणाऱ्या गाळणीत) पोर्ट २२ हा मार्ग बऱ्याचदा बंद असतो, मग गिटचं (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाचं) त्या मार्गाने जाणारं एसएसएच कनेक्शन अडतं आणि निम्मी कार्यशाळा तिथंच संपते. त्याऐवजी एचटीटीपीएसने, म्हणजे वेबसाइट उघडतात त्या मार्गाने, क्लोन करायला (कोडची प्रत उतरवून घ्यायला) सांगा. मोठ्या फाइली ५-६ पेनड्राइव्हवर आधीच भरून ठेवा; ५० जणांनी एकदम डाउनलोड लावलं की कुठलंही वायफाय झोपतं.

वीज: ६ अँपिअरच्या सॉकेटवर साधारण १३८० वॅट मिळतात. ६५ वॅटचे १०-१२ लॅपटॉप बिनधास्त चालतात, पण त्याच बोर्डावर चहाची किटली लावली की ट्रिप! टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर दोन ठेवा, एक हरवतोच.

सत्रं बारकॅम्पसारखी ठेवा: सकाळी फळ्यावर वेळेचे चौकोन आखायचे, ज्याला बोलायचंय त्याने चिठ्ठी चिकटवायची. २० मिनिटं बोलणं, १० मिनिटं प्रश्न. घड्याळ बघायला एकच माणूस, आणि तो भिडस्त नको.

पैसे कुणाच्या खात्यात गोळा करू नका. प्रायोजकाने चहा-मिसळीचं बिल थेट दुकानदारालाच द्यावं.