आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकायला कॅनडात जावं का, असं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न परवा रात्री इथे गुहागरला, सुट्टीवर आलेय तिथे, वाचला आणि झोप उडाली. चिपळूणचं घर, बीई, पुण्याच्या कंपनीत टेस्टिंगची नोकरी, आता टीम लीड, नवरा ज्युनियर कॉलेजात शिकवतो, मुलगी पहिलीत. एजंटाने ओंटारियोतल्या एका कॉलेजचा आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा वर्षभराचा कोर्स सुचवलाय, आणि तू विचारतेस, "ताई, तिघांनी जावं का?" २०२२ च्या ऑगस्टमध्ये मी जवळजवळ हाच संसार बॅगांत भरून निघाले होते. फक्त माझी मुलगी नव्हे, मुलगा. त्यामुळे दोन ओळींत उत्तर देणं मला जमणार नाही.

खात्यात किती पैसे दाखवायचे, बायोमेट्रिक्स कुठे द्यायचं, हे सरकारी संकेतस्थळावर आहे आणि सारखं बदलतं, तिथेच वाच. एजंट जे घाईघाईत पुढे ढकलतो तेवढं सांगते. कॉलेजच्या (विद्यापीठाच्या नव्हे) कोर्सला जाणाऱ्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठेही नोकरी करायची परवानगी, मिळणं २०२४ पासून बंद आहे. मी गेले तेव्हा मिळत होतं, माझ्या नवऱ्याला मिळालं. आता ते सोळा महिने किंवा त्याहून मोठं मास्टर्स, पीएचडी आणि मोजक्या व्यावसायिक पदव्या करणाऱ्यांच्या जोडीदारांसाठी राहिलंय. म्हणजे तुझा नवरा इथली कायम नोकरी सोडणार आणि तिथे त्याला तुझ्या जोरावर काम करता येणार नाही. हे एजंटाने सांगितलंय का, ते आधी विचार.

दुसरं, शिक्षणानंतरचं वर्क परमिट. १ नोव्हेंबर २०२४ नंतर स्टडी परमिटचा अर्ज करणाऱ्या कॉलेजवाल्यांना ते विषय बघून मिळतं. प्रत्येक कोर्सला सहा आकडी कोड असतो. नुसत्या प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा कोड ५२ ने सुरू होतो, आयटी प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा ११ ने. माहितीपत्रकात दोन्ही कोर्स जुळे दिसतात. कॉलेजकडून कोड लेखी मागून घे, आणि ज्या दिवशी अर्ज करशील त्या दिवशीच्या, परमिट मिळणाऱ्या विषयांच्या सरकारी यादीत तो स्वतःच्या डोळ्यांनी शोध. कोर्स वर्षाचा असेल तर परमिटही साधारण तेवढंच मिळतं. म्हणूनच मी एकामागून एक दोन कोर्स केले, तेव्हा कुठे तीन वर्षांचं मिळालं. आणि सरकारी कॉलेजचं नाव लावून खाजगी संस्थेत भरणारे वर्ग असतात, तिथे १५ मे २०२४ पासून पुढे प्रवेश घेतलेल्यांना हे परमिट मिळतच नाही.

आता कोर्सबद्दल. तो वाईट नव्हता, मला आवडला. प्रोजेक्ट चार्टर, कामाची फोड, गँट चार्टवर मांडलेलं वेळापत्रक, क्रिटिकल पाथ म्हणजे उशीर चालणारच नाही अशा कामांची साखळी, धोक्यांची यादी म्हणजे रिस्क रजिस्टर, स्क्रम ही कामाची पद्धत, जिरा आणि एमएस प्रोजेक्ट ही सॉफ्टवेअरं. त्यातला मला सगळ्यात भावलेला भाग अर्न्ड व्हॅल्यूचा, म्हणजे घातलेल्या वेळेच्या मानाने खरं काम किती झालं ते मोजण्याचा. शंभर तासांचं काम ठरलंय, त्यातलं पन्नास तासांचं काम झालंय आणि माणसांनी प्रत्यक्षात ऐंशी तास घातलेत. म्हणजे खर्चलेल्या प्रत्येक तासामागे साडेसदतीस मिनिटांचंच काम पदरात पडलं. पुण्यात आमचा मॅनेजर "फिफ्टी पर्सेंट डन" म्हणून स्टेटस लाल असताना हिरवा दाखवायचा, तेव्हा काहीतरी चुकतंय हे मला कळायचं, पण ते आकड्यात मांडता येत नव्हतं. ते या कोर्सने दिलं.

तिथल्या शिक्षकांच्या तोंडी एक उदाहरण सतत असायचं. फिनिक्स. कॅनडाच्या केंद्र सरकारने २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी आणलेली यंत्रणा. कुणाला कमी पगार, कुणाला जास्त, कुणाला मिळालाच नाही. २०१८ मध्ये तिथल्या महालेखापरीक्षकांनी अहवालात सांगितलं की ठरलेली तारीख आणि बजेट सांभाळायला वरिष्ठांनी महत्त्वाची फंक्शन्स काढून टाकली आणि पायलट, म्हणजे आधी थोड्या ठिकाणी चालवून बघणं, तेसुद्धा रद्द केलं. तू टेस्टिंगवाली आहेस, तुझ्या पोटात गोळा येईल. वर्गात मी एकटीच टेस्टिंगमधून आलेली होते. ज्यांनी कधी रिलीजच्या आदल्या रात्री "उद्या जाऊ दे" हे ऐकलंच नव्हतं, त्यांना तो अहवाल नुसता परीक्षेचा धडा वाटत होता.

एकदा प्रत्येकाने आपल्या देशातला एखादा प्रकल्प मांडायचा होता. मी कोकण रेल्वे घेतली. १९९० मध्ये स्थापन झालेलं महामंडळ, त्याचे प्रमुख ई. श्रीधरन, रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर ७४१ किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा, पानवलचा ६४ मीटर उंच पूल, गोव्यात मऊ मातीच्या बोगद्यांनी खाल्लेला वेळ, आणि तरीही २६ जानेवारी १९९८ ला सुरू झालेला अख्खा मार्ग. बोलताना माझा गळा भरून आला. मग शिक्षकांनी विचारलं, त्याच भागात रखडलेला प्रकल्प आहे का? मी मुंबई–गोवा महामार्ग सांगितला. २०११ पासून रुंदीकरण चाललंय. फरक काय, तर रेल्वेसाठी एकाच कामाकरता उभी केलेली एक संस्था होती आणि जागेवर निर्णय घेण्याचा अधिकार तिच्या माणसांकडे होता. महामार्ग तुकड्यातुकड्यांत, निरनिराळ्या ठेकेदारांकडे. स्टेकहोल्डर म्हणजे ज्यांचा ज्यांचा कामाशी संबंध येतो ते सगळे, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही. आमच्या सातबाऱ्यावर इतके सहहिस्सेदार आहेत की आंब्याचं एक कलम तोडायचं तरी मुंबई, बोरिवली, नालासोपारा सगळीकडे फोन जातात.

सातबाऱ्यावरून आठवलं. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक तारण मागते, आणि कोकणातली सामाईक जमीन तारण म्हणून कुणी धरत नाही. आगर आहे, कलमं आहेत, पण कागदावर ती एकट्या बाबांची नाहीत. शेवटी सासऱ्यांनी चिपळूणचा गाळा दिला. हे घरच्यांशी आत्ताच बोलून ठेव. ऑफर लेटर आल्यावर बोलायला गेलीस तर घाईत कुणाला तरी मन मोडून सही करावी लागते.

नोकरीचं स्पष्ट सांगते. त्या सर्टिफिकेटवर कुणी प्रोजेक्ट मॅनेजर करत नाही. पहिली पायरी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर: मीटिंगचे मिनिट्स, ॲक्शन आयटेम्सचा पाठपुरावा, स्टेटस रिपोर्ट. मी एका विमा कंपनीत अजून तेच करते आणि ते नीट करते. "कॅनडाचा अनुभव हवा" असं जाहिरातीत छापायला ओंटारियोत १ जानेवारी २०२६ पासून बंदी आली, ते बरं झालं. मुलाखतीत मात्र मागची सहा वर्षं जणू घडलीच नाहीत असे प्रश्न येतात. म्हणून माझा आग्रह आहे, निघण्याआधी इथूनच पीएमपी, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरची जगभर चालणारी प्रमाणपत्र परीक्षा, दे. पदवीधराला प्रोजेक्ट चालवल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. लीड म्हणून तुझे तेवढे महिने अजून भरले नसतील, तर पुण्यात थांबून भरून घे. तोवर कॅपीएम ही तिच्या खालची परीक्षा देता येते, तिला अनुभव लागत नाही. ज्याच्याकडे काम केल्याचा अनुभव आहे त्याला त्या कोर्सने शब्द मिळतात. वर्गातल्या नुकत्याच पदवी घेतलेल्या पोरांकडे शब्द आले आणि लावायला काही नव्हतं. त्यातली बरीच अजून गोदामात रात्रपाळी करतात, फार हुशार पोरं आहेत ती.

कागदांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. २२ जुलै २०२१ चा पूर तुला सांगायला नको, तू तिथलीच. सासरचं घर बाजारपेठेत. माझ्या सगळ्या मार्कशीट लोखंडी कपाटातल्या खालच्या खणात होत्या. चिखलातून काढून दोरीवर वाळत घातल्या, पण शाई गेली ती गेलीच. दुय्यम प्रतींसाठी पोलिसांचा दाखला, स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र, मग विद्यापीठाच्या खिडकीवर "हा अर्ज या खिडकीवर नाही." पहाटेच्या गाडीने मुंबईला जायचं आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने परत. एका बाईंनी तर, पूर आला याचा पुरावा काय, असं विचारलं. त्यांना मी काहीच उत्तर दिलं नाही. अजूनही रात्री कधी ते उत्तर मनात जुळवत बसते.

त्याच खणात मुलाचं लसीकरणाचं कार्ड होतं. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी रजिस्टर बघून नवं लिहून दिलं, मराठीत, हाताने. ओंटारियोत शाळेतल्या मुलांच्या लसींची नोंद आरोग्य विभागाकडे असावी लागते, नसेल तर वीस शाळेच्या दिवसांपर्यंत मुलाला शाळेबाहेर ठेवता येतं. कांजिण्यांची आणि मेनिंजायटिसची लस तिथे सक्तीची. आपल्या सरकारी वेळापत्रकात त्या नाहीत, त्यामुळे त्या रकान्यांत काहीच नव्हतं. मी भाषांतर करून पाठवलं होतं, दोनदा फोन केला होता, नोंद झाली असं मला सांगितलंही होतं. तरी मार्चमध्ये पत्र आलं आणि नोंद सापडेपर्यंत पोराला घरी ठेवावं लागलं. नेमकी त्याच आठवड्यात त्याच्या वर्गाची मेपलचा पाक कसा काढतात ते बघायला सहल होती. महिनाभर तो त्याबद्दल बोलत होता. त्याला वाटलं, आपण काहीतरी वाईट केलं म्हणून शाळेने बाहेर काढलं. सात वर्षांच्या मुलाला रकाना म्हणजे काय ते कसं समजावणार? शाळेने नंतर चूक झाल्याचं मान्य केलं, तेही फोनवर, मला. त्याला कुणी काही म्हटलं नाही. आजही शाळेचं पाकीट आणलं की तो ते दप्तरातून काढून टेबलावर ठेवतो आणि दुसऱ्या खोलीत जातो. तुझ्या मुलीच्या लसी आत्ताच खाजगी डॉक्टरांकडे पूर्ण कर, इंग्रजीत शिक्क्यानिशी लिहून घे, आणि तिथे पोचल्यावर नोंद झाल्याचं लेखी मिळेपर्यंत कुणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नकोस.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. मंडळं आहेत, मराठी शाळा आहेत, फोन आहे. सवय होते.

नवऱ्याबद्दल मात्र लिहायला हवं. ते रसायनशास्त्र शिकवायचे. पोरं प्रॅक्टिकल संपलं तरी प्रयोगशाळेतून हलायची नाहीत. तिथे त्यांनी गोदामात खोकी उचलली, मग एका कारखान्यात क्वालिटीला लागले. एकदाही तक्रार केली नाही, आणि मला तेच जड जातं. मी शिकत होते तेव्हा "तू परीक्षेचं बघ" म्हणायचे. आज मला त्यांना विचारायचं असतं की तुम्हाला परत शिकवावंसं वाटतं का, आणि मी विचारत नाही. हो म्हणाले तर काय, नाही म्हणाले तरी काय. माझं परमिट २०२७ मध्ये संपतंय, पीआरचे, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीचे, गुण काठावर आहेत. नाही झालं तर परत यावं लागेल, आणि त्या शक्यतेने मला भीती वाटते की सुटका वाटते, ते मला खरंच ठरवता येत नाही.

सध्या आम्ही गुहागरला आहोत. तिकडे शाळेला सुट्टी जुलै-ऑगस्टला, त्यामुळे मुलाने गेल्यापासून झाडावरचा आंबा पाहिलेला नाही, आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर शाळा उघडते म्हणून बहुतेक वर्षी गणपतीच्या तोंडावर परत निघावं लागतं. सगळे चाकरमानी गावाकडे येतात तेव्हा आम्ही उलट्या दिशेने. आई माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायच्या चौकटीचं, सामान काढून ठेवते ते बघायचं आणि बॅग भरायची. मुलाने या वेळी विचारलं, आपण एकदा शाळा बुडवून राहिलो तर पत्र येईल का?

तर माझं मत असं. तिघांनी जायचं असेल तर कॉलेजचा कोर्स सोड. सरकारी विद्यापीठातलं सोळा महिन्यांवरचं मास्टर्स बघ. महाग आहे, प्रवेश कठीण आहे, पण नवऱ्याला काम करता येतं आणि तुला तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. तेवढं जमत नसेल तर पीएमपी करून पुण्यातच पुढची जागा मिळव. मग कंपनीनेच पाठवलं तर ते जाणं निराळं असतं. आणि तरी कॉलेजलाच जायचं ठरलं, तर नवऱ्याने दिवसभर काय करायचं ते कागदावर लिहून दोघांनी वाचा, मगच फी भर.

कोर्सचा कोड मिळाला की कळव, यादीत आपण दोघी मिळून बघू. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत मी इथेच आहे. चिपळूणहून एसटी सारख्या आहेत, नवऱ्याला आणि मुलीला घेऊन ये. त्याला जे विचारायचं असेल ते त्याने माझ्या नवऱ्याला विचारावं.