डावी बाल्कनी की उजवी? क्रूझच्या खोलीविषयी नागपूरकरांचे प्रश्न

आम्ही दोघं निवृत्त आहोत. नोव्हेंबरात मुंबई–गोवा क्रूझ ठरवतोय. कोकण किनारा दिसावा म्हणून कोणती बाजू घ्यावी? (प्रतापनगर)

नकाशा पाहिला तर जहाज दक्षिणेला जातं, म्हणजे कोकण डाव्या हाताला. तरीही मी तुम्हाला उजवी बाजू घ्यायला सांगेन. ही जहाजं सहसा संध्याकाळी सुटतात, किनाऱ्यापासून बरीच बाहेरून जातात आणि कोकण मागे पडतं ते अंधारात. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग बाल्कनीतून दिसतील ही आशा ठेवू नका.

पाहण्यासारखं असतं ते मुंबई बंदर सोडतानाच. बॅलार्ड पिअरहून निघालेल्या जहाजाचं तोंड दक्षिणेला झालं, की गेटवे ऑफ इंडिया, ताजचा घुमट, मग कुलाबा असं सगळं उजवीकडून सरकत जातं आणि सूर्य त्यांच्याच मागे उतरत असतो. डावीकडे घारापुरी आणि उरण. पुढे प्रॉंग्जचं दीपगृह गेलं की उघडा अरबी समुद्र, आणि मावळतीही उजवीकडेच. फक्त जहाज किती वाजता सुटतं ते आधी विचारा. नोव्हेंबरात मुंबईला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. जहाज सातला सुटणार असेल तर शहराचे दिवे तेवढे दिसतील.

परतताना सगळं उलट होतं, मावळती आणि कुलाबा दोन्ही डावीकडे. बंदरात शिरायच्या वेळी चहा घेऊन सरळ वरच्या डेकवर जा.

एजंट म्हणतो, सम नंबरची खोली म्हणजे डावी बाजू. खरं का? (मनीषनगर)

काही कंपन्यांत तसं असतं, पण सगळीकडे नाही. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, मागवा, जहाजाचं तोंड कुठे आहे ते बघा आणि तिकडे तोंड करून उभे आहोत असं समजा. डावा हात पोर्ट, उजवा स्टारबोर्ड. खोलीच्या खाली किंवा समोर लाइफबोट टांगलेली नाही ना, हेही त्याच कागदावर दिसतं. ‘गॅरंटी’ नावाची स्वस्त खोली घेतलीत तर नंबर कंपनी ठरवते, बाजू मागता येत नाही.

मुलगी सिएटलला असते. जूनमध्ये ती आम्हाला अलास्काला नेणार आहे. हिमनद्या कोणत्या बाजूने दिसतात? पुन्हा जाणं काही होणार नाही. (धरमपेठ)

पुन्हा जाणं नाही म्हणता, म्हणून सविस्तर सांगतो. सफर कुठून कुठे आहे यावर पहिला निर्णय. व्हँकुव्हरला सुरू होऊन सेवर्ड किंवा व्हिटियरला संपणारी एकेरी सफर असेल तर उजवी बाजू घ्या, कारण उत्तरेला जाताना मुख्य भूमी त्या हाताला राहते. उलट दिशेची असेल तर डावी. सिएटलहून निघून सिएटललाच परतणार असाल तर कोणतीही चालेल, जाताना हुकलेलं येताना समोर येतं.

पण एक फरक मुलीला नक्की सांगा. सिएटलची बरीच जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, उघड्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून निघणारी बेटाच्या आतल्या बाजूच्या चिंचोळ्या पाण्यातून जातात आणि तिथे दोन्हीकडे डोंगर जवळ असतात. बाल्कनीचे पैसे खरे वसूल होतात ते या वाटेवर.

हिमनद्यांच्या बाबतीत मात्र बाजूची चिंता सोडा. ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबतं आणि जागच्या जागी सावकाश वळतं, म्हणजे दोन्हीकडच्या बाल्कन्यांना पाळीपाळीने दर्शन होतं. दीडेक किलोमीटर रुंद आणि पाण्यावर सुमारे 250 फूट उभा असा तो बर्फाचा कडा आहे. त्याचा तुकडा सुटताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. आवाज ऐकून मान वळवलीत तर तोवर नुसत्या लाटा उरलेल्या असतात, म्हणून नजर कड्यावर ठेवा. तुमची बाल्कनी पलीकडे वळली की जाकीट चढवून डेकवर जा.

या पार्कमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे प्रत्येक सफरीत तो नसतो. तुमच्या सफरीत तो दिवस आहे का, हे डाव्या-उजव्याच्या आधी तपासा. माझ्या मते अलास्कात एवढी एक गोष्ट सोडू नये.

व्हेनिसला शिरताना सेंट मार्क चौक दिसतो म्हणून उजवी बाजू घ्या, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. (महाल)

शेजाऱ्यांचा सल्ला पूर्वी बरोबर होता. 1 ऑगस्ट 2021 पासून 25,000 टनांवरच्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाणाऱ्या कालव्यात बंदी आहे. मोठी जहाजं आता मार्गेरा, ट्रिएस्ट किंवा रावेनाला लागतात. तेवढ्यासाठी जादा पैसे भरू नका.

मे महिन्यात मुलांना घेऊन सिंगापूर–पेनांग–फुकेत. ऊन कोणत्या बाजूला कमी? (त्रिमूर्तीनगर)

जाताना उजव्या. जहाज मलाक्काच्या सामुद्रधुनीतून वायव्येला जातं, दुपारनंतरचं ऊन डावीकडून येतं. सिंगापूर सोडतानाचं शहरही उजव्याच हाताला. परतीच्या दुपारी ऊन तुमच्या बाजूला येईल, पण नागपूरच्या मेपुढे ते सोसवेल.

आई 78 वर्षांची आहे, तिला प्रवासात मळमळतं. तिला कोणती बाजू बरी? (सदर)

बाजूने फरक पडत नाही, जागेने पडतो. जहाजाच्या लांबीच्या मध्यावर आणि बाल्कनी असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर खोली घ्या, तिथे डोलणं कमी जाणवतं. अगदी पुढची खोली स्वस्त मिळाली तरी नको. औषध डॉक्टरांना विचारून आधीच सोबत ठेवा.

बाल्कनीबद्दल आणखी एक. तिच्या दाराला बऱ्याच जहाजांवर उंच उंबरा असतो, रात्री त्याला पाय अडखळतो. आणि बाल्कनीचं दार उघडं असताना खोलीचं दार उघडलं तर वाऱ्याने ते जोरात आपटतं, म्हाताऱ्या माणसाची बोटं सापडू शकतात. आईंना दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दाखवा. व्हीलचेअरसाठीच्या खोल्यांना उतरता उंबरा असतो, पण त्या मोजक्याच असतात, तेव्हा गरज असेल तर बुकिंग करतानाच मागून घ्या.