शिफ्ट बदलताना एकदा तिथं उभा राहा

नाशिक

प्रिय मित्रा,

अंबडच्या कारखान्यासाठी लीक टेस्टिंग मशीन, म्हणजे पार्टमध्ये हवा भरून प्रेशर उतरतं का यावरून गळती पकडणारं मशीन, करतोयस हे वाचून मनापासून आनंद झाला. डिझाइन नेटकं आहे. काळजी वेगळीच वाटते: तुझ्या सगळ्या बैठका पर्चेसवाल्यांशी आणि प्लांट हेडशी झाल्यात. कंपनी गिऱ्हाईक असली की पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, काढणारा एक, मशीन चालवणारा दुसरा, रात्री पॅनेल उघडणारा तिसरा आणि पार्ट पास की फेल यावर अडून बसणारा क्वालिटीवाला चौथा. या चौघांचं ऐकल्याशिवाय ड्रॉइंग पक्कं करू नकोस.

पहिली शिफ्ट सुटताना लाइनवर जाऊन उभा राहा. पार्ट कुठून येतोय ते बघ. वॉशिंग मशीनमधून निघालेला पार्ट कोमट असतो. टेस्ट चालू असताना आतली हवा निवते, प्रेशर उतरतं आणि मशीन त्यालाच गळती समजतं. 1 बारला टेस्ट करताना हवा 1 अंशानं जरी थंड झाली, तरी साधारण 650 पास्कल जातात. प्रेशर उतरण्याची तुझी मर्यादा 50 पास्कलची असली, तर धडधाकट पार्ट रिजेक्शनच्या लाल पेटीत पडणार. नाशिकच्या जानेवारीत सकाळच्या शिफ्टला तर हमखास. मग सगळे तुझ्या सेन्सरला नावं ठेवतील, आणि महागडा सेन्सर बसवूनही काही फरक पडणार नाही. पार्ट निवायला जागा हवी, वेळ हवा. म्हणजे लाइनची मांडणी बदलते, कधी सायकल टाइम, म्हणजे एका पार्टला लागणारा वेळ, आणि मग तुझं कोटेशनही. हे ऑर्डरआधी कळलेलं बरं.

मशीन कधी पास धरायचं, तेही पीओच्या आधीच कागदावर घे. मास्टर पार्ट, म्हणजे मशीन पारखायचा खात्रीचा नमुना, कोण देणार, ट्रायल तुझ्या शेडमध्ये की त्यांच्या लाइनवर, गेज आर अँड आर, म्हणजे तोच पार्ट पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या हातांनी मोजला तर आकड्यात पडणारा फरक, किती चालेल. वाहन उद्योगात 10 टक्क्यांच्या आत चांगलं, 30 च्या वर नापास; भांडणं होतात ती मधल्या पट्ट्यात. तिथला आकडा आजच ठरव, नाहीतर शेवटचा हप्ता महिनोन्‌महिने अडकून पडतो.

पुढचं गिऱ्हाईक ‘थोडा बदल’ मागेलच. त्याच्यासाठी प्रोग्रामची वेगळी कॉपी काढू नकोस. प्रोग्राम एकच ठेव, पार्टप्रमाणे सेटिंग बदल.

अटींचा कच्चा मसुदा सहीआधी मला पाठव. वाचून लगेच फोन करतो.

तुझा,
सातपूरचा काका