लोहाच्या गोळ्या घेतल्याने कॅन्सरच्या पेशी मरतात का?

नाही, तुमच्या आईंची केमो खारघरला चालू असताना, लोहाने कॅन्सरच्या पेशी मरतात असं सांगणारा ‘फेरोप्टोसिस’चा व्हिडिओ पाहून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. मी नेरुळला जीवरसायनशास्त्र शिकवतो, म्हणून कारण सांगतो. फेरोप्टोसिस (हे नाव २०१२ साली कोलंबिया विद्यापीठातल्या ब्रेंट स्टॉकवेल यांच्या गटाने दिलं) म्हणजे पेशीच्या आवरणातली चरबी लोहामुळे खवट होऊन, अगदी जुन्या तेलासारखी, पेशी फुटणं. कॅन्सरच्या पेशींत लोह बहुधा आधीच भरपूर असतं. तरी त्या तगतात, कारण जीपीएक्स-४ नावाचं एन्झाइम ग्लुटाथायोन या पेशीतच बनणाऱ्या संरक्षक रेणूच्या मदतीने ही खवट चरबी निकामी करत राहतं. संशोधकांना ही ढाल काढून घ्यायची आहे. एरास्टिन हे रसायन पेशीत सिस्टिन (ग्लुटाथायोनचा कच्चा माल) जाऊ देत नाही, मग ग्लुटाथायोन बनत नाही. आरएसएल-३ हे दुसरं रसायन थेट जीपीएक्स-४ एन्झाइमलाच धरून बंद पाडतं. दोन्ही अजून प्रयोगशाळेतलीच. खरी अडचण म्हणजे मूत्रपिंडासारख्या निरोगी अवयवांनाही तीच ढाल लागते. शिवाय जादा लोह गाठीला वाढायला उपयोगी पडू शकतं, हे व्हिडिओवाले सांगत नाहीत! मात्र हिमोग्लोबिन कमी म्हणून डॉक्टरांनीच लोह लिहून दिलं असेल, तर ते बंद करू नका. तो ॲनिमियाचा उपचार आहे.